न ऐकण्याचा खेळ

८ जुलै, सोमवार

बालवर्ग सुरू होऊन आज पंधरा दिवस झाले आणि आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे जमणार नाही.

सकाळपासून पाऊस. एरवी मी पहिला तासभर मुलांना कॉलनीच्या बागेत नेते. तिथे धावून दमली की पुढचा दीड तास बरा जातो. आज बागेत घोटाभर पाणी. आमची समोरची खोली दहा बाय बारा, त्यात बाबांचा दिवाण, आणि सात मुलं. यज्ञेश्वरने दिवाणावरून उड्या मारायला सुरुवात केली, त्याचं बघून विनायकने. दोघांची डोकी आपटली. एक रडलं की सगळी रडतात, हे बी.ए.च्या तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीतरी माझ्या चपलेत पोहे भरून ठेवले. कुणी, ते कळलं नाही.

मी सुरुवातीलाच ठरवलं होतं: माझ्या वर्गात मोबाईल नाही, ओरडणं नाही, भीती घालणं नाही. आणि ज्यासाठी हे सगळं मांडलं ते म्हणजे मराठी. ही सातही मुलं मराठी घरांतली. कुणाचे आजोबा रेल्वेत होते, कुणाचे बँकेत, यज्ञेश्वरचे पूर्वज तर म्हणे शिंद्यांच्या दप्तरात. आणि इथे हिंदी मुलखात वाढल्यामुळे एकालाही ‘मला तहान लागली’ म्हणता येत नाही. सगळं हिंदीत. भांडणंसुद्धा.

आई पोहे घेऊन आली आणि म्हणाली, “मोबाईलवर कार्टून लावून दे ना. घडीभर चुपचाप बैठतील.”

मी म्हटलं, “आई, निदान तू तरी. चुपचाप नाही, गप्प. बैठतील नाही, बसतील.”

“हो, बसतील,” आई म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी पाटी करून आणलीय. ते नानाखेड्याच्या बसस्टँडवर खाजगी बसचं बुकिंग बघतात, तिथल्याच पेंटरकडून. पाटीवर माझ्या नावापेक्षा ‘बी.ए.’ मोठं आहे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, म्हणून मी ती तशीच दाराला लावली. तुषार मात्र म्हणाला, “दीदी, नाव छोटं पडलं, डिग्री पुरी दिसतेय.” धाकटे भाऊ कशासाठी असतात, कळत नाही.

११ जुलै, गुरुवार

माझ्या वर्गातल्या भार्गवीच्या आजी आज स्वतः आल्या. उषाकाकू. तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. त्यांचं मराठी ऐकत बसावंसं वाटतं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला म्हणाल्या, “सायली, तू जे करते आहेस ना, ते आमच्या पिढीने करायला हवं होतं.” माझे डोळेच भरून आले.

मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “आमच्या विक्रांतने स्वतः पसंत केली. मुलगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण माहेर सागर गावचं. घरात चोवीस तास हिंदी. नातीने मला ‘दादी’ म्हणायला सुरुवात केली त्या दिवशी मी जेवले नाही बघ.”

भार्गवीच्या आईला मी रोज बघते. मीनावहिनी. पॅथॉलॉजीत कामाला आहेत, रक्ताचे नमुने घेतात. सकाळी स्कूटीवरून मुलीला सोडतात, साडेअकराला न्यायला येतात. फारसं बोलत नाहीत. पण भार्गवी त्यांच्या वाटचंही बोलते. चार वर्षांची आहे आणि अखंड बडबड. स्कूटीवरून उतरताना वाक्य सुरू होतं ते दारात येईस्तोवर संपत नाही, आणि न्यायला येतील तेव्हा पुढचं सांगायचं म्हणून ती ते आईच्या पदराशी अर्धं सोडून आत येते. सगळं अर्थात हिंदीत.

मी उषाकाकूंना शब्द दिला की दिवाळीपर्यंत ती मराठीत बोलेल.

१६ जुलै, मंगळवार

आज मला एक गोष्ट सापडली!

पुन्हा दिवसभर कोसळत होता. पडवीच्या पत्र्यावर एवढा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. मुलं कोंडलेली, त्यामुळे त्यांचा आवाज पत्र्याच्याही वर. यज्ञेश्वर मला काहीतरी ओरडून सांगत होता आणि मला खरंच ऐकू आलं नाही. मी कानामागे हात धरून म्हटलं, “काय?” तो परत ओरडला. मी परत, “काय?” मुलांना गंमत वाटली, ती हसायला लागली. तेवढ्यात मला सुचलं. मी म्हटलं, “अरे, या पावसात ताईच्या कानाला फक्त मराठी ऐकू येतं. हिंदी वर पत्र्यावरच अडकते.”

आणि खोली शांत झाली! मला विश्वास बसेना. सातही जण डोक्यात शब्द शोधत होते. यज्ञेश्वर लाल होईस्तोवर विचार करून म्हणाला, “पाणी!” मी धावत जाऊन पाणी दिलं. विनायक म्हणाला, “शू... शू लागली.” टाळ्या. ज्याला शब्द सापडत नाही तो आपोआप गप्प. ना ओरडणं, ना मोबाईल, ना भीती. माझे सगळे नियम पाळले गेले आणि मराठीसुद्धा.

भार्गवीलाच जरा वेळ लागला. ती आली आणि सुरू झाली, “दीदी, पता है, कल ना मम्मा ने...” मी कानामागे हात धरला. तिने माझी ओढणी ओढली आणि मोठ्याने, “कल मम्मा ने ना!” मी मान हलवली. तिसऱ्यांदा ती अगदी माझ्या कानाशी तोंड आणून बोलली. मी हसून म्हटलं, “ऐकूच येत नाही गं!” सगळे हसले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल. पण बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, “ताई, पाऊस.”

मी तिला उचलून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अन् तिला काय सांगायचं होतं?”

“कुणाला?”

“त्या पोरीला. काल मम्माने काय केलं?”

मी म्हटलं, मला काय माहीत, मुद्दा तो नाहीये.

२३ जुलै, मंगळवार

काल देवाची सवारी निघाली म्हणून रस्ते बंद, वर्गाला सुट्टी. आज पुन्हा पाऊस, पुन्हा खेळ. आता मुलंच मागतात. भार्गवी सगळ्यांत पुढे आहे. तिचे मी मोजून पंचेचाळीस शब्द लिहून ठेवलेत.

आज उषाकाकू मीनावहिनींबरोबर आल्या होत्या. हसत सांगत होत्या, “इकडच्या लोकांचा श्रावण लागला ना काल. हिने सोमवार धरला. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात अजून आषाढ आहे, आपला श्रावण पंधरा दिवसांनी. भार्गवीला विचारलं, तुझा श्रावण कुठला गं? म्हणते, आजीचा!”

मलाही हसू आलं. किती हुशार मुलगी! मीनावहिनी तिच्या रेनकोटची बटणं काढत होत्या. शेवटचं बटण अडकलं होतं, त्यांना खाली बसून काढावं लागलं.

२५ जुलै, गुरुवार

आज एक गमतीची गोष्ट घडली. गमतीचीच म्हणायची.

साडेअकराला मीनावहिनी आल्या. रेनकोट घालूनही पार भिजलेल्या. दारातूनच म्हणाल्या, “लाडो, चलो बेटा, जल्दी. पानी तेज है।”

भार्गवी दाराकडे पाठ करून मणी ओवत होती. हलली नाही.

“लाडो? चलो ना।”

तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वळूनही न बघता म्हणाली, “मला ऐकू येत नाही.”

सगळी मुलं फुटून हसली. यज्ञेश्वर तर लोळला. आणि मलाही हसू आवरलं नाही. मी “शाब्बास!” म्हणून गेले. पूर्ण वाक्य होतं ते. तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य.

मीनावहिनी आधी हसल्या. मग थांबून म्हणाल्या, “भार्गवी... चल... घर को... घरी जातो.” विनायक ओरडला, “आंटी को नहीं आता!” मी त्याला दटावलं. भार्गवी उठली, आईचं बोट धरून गेली. मीनावहिनी जाताना मला “थैंक यू, दीदी” म्हणाल्या. रोज म्हणतात तसंच.

दुपारभर मला अस्वस्थ वाटतंय. कदाचित ‘शाब्बास’ म्हणायला नको होतं. पण मुलाने बरोबर वाक्य म्हटलं तर शाबासकी द्यायची नाही का?

२७ जुलै, शनिवार

उषाकाकू पेढे घेऊन आल्या. घरीही तोच खेळ चाललाय म्हणे. आई काही म्हणाली की भार्गवी कानावर हात ठेवते, आणि तसं केलं की आजीकडून बेसनाचा लाडू. “तीन दिवस झाले, हिंदीचा एक शब्द नाही! विक्रांतसुद्धा म्हणाला, आई, तुझ्या सायलीने कमाल केली.”

मी विचारलं, “मग मीनावहिनी काय करतात?”

“काय करणार? शिकेल तीही. पाच वर्षं झाली लग्नाला, शिकायला नको होतं?”

त्यांचं म्हणणं चूक नाही. भाषा शिकायला काय हरकत आहे? शिकल्या तर घरात सगळे एका भाषेत बोलतील, किती छान होईल. मी हे लिहून पुन्हा वाचलं. वाक्य बरोबर आहे, तरी मनात कुठेतरी खुपतंय.

पेढे आईला दिले. तिने देवापुढे ठेवले. खाल्ला नाही. म्हणाली, दातात अडकतो.

३० जुलै, मंगळवार

आज काय झालं ते मला नीट लिहायचं आहे.

दहाच्या सुमाराला भार्गवी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली. अंगाला हात लावला तर तापलेलं. मी मीनावहिनींना फोन केला, त्या पंधरा मिनिटांत आल्या. हातात अजून कामाचे मोजे होते. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, ती त्यांच्या गळ्याला घट्ट बिलगली, आणि त्यांनी विचारलं, “क्या हुआ, बेटा? कहाँ दुख रहा है? मम्मा को बताओ।”

भार्गवी बोलली नाही. ओठ हलले, पण बोलली नाही. मग तिने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ती परवानगी मागत होती.

मी पटकन म्हटलं, “बोल बाळा, हिंदीत बोल, चालेल.” पण ती बोलेना. तिला वाटलं, ही परीक्षाच आहे. मग मला म्हणाली, “ताई, पोट.”

मीनावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘पोट’ म्हणजे काय ते त्यांना कळत असणार, पाच वर्षं त्या घरात आहेत. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, “पेट में दुख रहा है उसके।”

पोटात दुखतंय हे एका मुलीने आपल्या आईला माझ्यामार्फत सांगितलं. ती तिच्या मांडीवर बसलेली असताना.

त्या म्हणाल्या, “थैंक यू, दीदी।” तिला रेनकोटात गुंडाळून नेलं. मी उरलेल्या सहा मुलांना काय शिकवलं, मला आठवत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

भार्गवी आली नाही. ताप उतरलाय असं विक्रांतदादांनी फोनवर सांगितलं.

मी मुलांना म्हटलं, खेळ संपला. आता ताईला सगळं ऐकू येतं, हिंदी, मराठी, सगळं. यज्ञेश्वर म्हणाला, “नाही! पाऊस आहे अजून!” तो ऐकेचना. नंतर विनायक त्याच्याकडे गाडी मागत होता तर त्याने कानांवर हात ठेवले. विनायक त्याला चावला. मी ओरडले. पहिल्यांदाच. माझा आवाज ऐकून सगळी गप्प झाली, आणि मला समजलं की ओरडणं हे त्या खेळापेक्षा कितीतरी साधं आहे. ओरडलेलं मुलं विसरतात.

स्वयंपाकघरात आई तुषारला काहीतरी सांगत हसत होती. मी गेले तशी थांबली. मी म्हटलं, “आई, काय करू?”

“मी काय सांगू? तू शिकलेली.” ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटतं. मग पोळी उलटवून म्हणाली, “तिच्या घरी जा. अन् तिथे समजावत बसू नको. त्या बाईला बोलू दे.”

४ ऑगस्ट, रविवार

माधव नगरला भार्गवीच्या घरी गेले होते. उषाकाकूंनी दार उघडलं, त्यांना वाटलं मी भार्गवीला बघायला आले. ते खरंही होतं. ती बरी आहे, चित्र काढत बसली होती. मीनाभाभी आत पोळ्या करत होत्या. मी आतच गेले.

वाटेत मी सगळं ठरवलं होतं. पण तिथे एवढंच म्हणता आलं, “भाभी, मुझसे बहुत बड़ी गलती हो गई।”

त्या लाटत राहिल्या. “गलती काहे की, दीदी। आपने सिखाया, उसने सीख लिया। तेज लड़की है।”

मी गप्प राहिले. आईने सांगितलं होतं म्हणून.

दोन पोळ्या झाल्यावर त्या बोलल्या. “पहले सोने से पहले पूरा दिन सुनाती थी मुझे। किसने किसको मारा, चींटी कहाँ गई, आपने कौन सी चुन्नी पहनी थी। मैं बोलती थी, बस कर मेरी माँ, सो जा। अब मैं पूछती हूँ, आज क्या किया? बोलती है, ‘खेळले’। और? ‘जेवले’। और? ‘हो’।” त्यांनी गॅस बारीक केला. “पचास शब्द हैं उसके पास, दीदी। मुझे उतना ही मिलता है, जितना उन पचास में आ जाए।”

पंचेचाळीस, मला वाटलं. मी मोजले होते.

उषाकाकू दारात येऊन उभ्या होत्या. मी बाहेर जाऊन भार्गवीपुढे खाली बसले आणि हिंदीत म्हटलं, “भार्गवी, वो खेल झूठमूठ का था। मुझे सब सुनाई देता है। मम्मा को भी सब सुनाना।”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वाईट करते आहे. मग हळूच म्हणाली, “ताई, हिंदी नको.”

“तूसुद्धा, सायली?” उषाकाकू म्हणाल्या. “आता कुठे पोर मार्गाला लागली होती.”

मी त्यांना म्हटलं, “काकू, मी चुकले. लाडू देऊ नका तिला, हात जोडते.” त्यांना ते आवडलं नाही. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला मी दीड महिन्याची शिक्षिका सांगत होते. त्या आत जाऊन देवाजवळची वात सारखी करत बसल्या.

मीनाभाभी जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “दीदी, एक काम करोगी? मुझे सिखा दो। मैं आधा घंटा जल्दी आ जाया करूँगी। बच्चों के साथ बैठ जाऊँगी।”

महिन्याभरापूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी आनंदाने नाचले असते.

मी म्हटलं, “भाभी, वो फिर से हिंदी बोलेगी। बच्ची है, भूल जाएगी।”

“भूल जाएगी,” त्या म्हणाल्या. “लेकिन कब तक चुप बैठूँ?”

७ ऑगस्ट, बुधवार

त्या आल्या. अकरा वाजता, कामावरूनच. सतरंजीवर मुलांच्या रांगेत बसल्या, विनायक आणि खिडकी यांच्या मध्ये. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. यज्ञेश्वर म्हणाला, “आंटी तो बड़ी है!” मी म्हटलं, मोठी माणसंही शिकतात.

भार्गवी आधी लाजली. मग तिला ते आवडायला लागलं. आई ‘पाउस’ म्हणाली की ती तिच्या तोंडाकडे बघून सावकाश म्हणते, “पा-ऊ-स.” बरोबर म्हटलं की टाळी वाजवते. सगळं माझ्यासारखं. डोकं एका बाजूला कलवतेसुद्धा.

मीनाभाभी प्रत्येक टाळीला हसतात.

विक्रांतदादांचा फोन आला. म्हणाले, “सायली, मी घरी सांगतोय, दोन्ही भाषा बोला. पण आई ऐकत नाही आणि पोरगी आईचं ऐकते. माझ्या आईचं.” मग म्हणाले, “मला हे आधी दिसायला हवं होतं.”

मी म्हटलं, मलाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज दिवसभर पाऊस होता. साडेअकराला बाकीची मुलं गेली. मीनाभाभी आणि भार्गवी पाऊस कमी व्हायची वाट बघत पडवीत थांबल्या. मी आतून चटया गोळा करत होते.

मीनाभाभींनी घरून वाक्य तयार करून आणलं असावं. दोनदा ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि मग मोठ्याने, पत्र्याच्या आवाजावर, “भार्गवी, तुला आज... कोणती गोष्ट... आवडली?”

एकही चूक नव्हती. भार्गवीने टाळी वाजवली. मग विचार करून म्हणाली, “उडी.”

“कशी उडी?”

“मोठी.”

दोघी हसल्या. भाभींनी तिचे केस कानामागे सारले आणि पुढे काहीतरी विचारायला तोंड उघडलं. शब्द नव्हता. त्यांनी हिंदीतही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने आज उत्तर दिलं असतं, कदाचित कानांवर हात ठेवले असते. ते करून बघायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी चटई हातात धरून उभी राहिले. कोणताही शब्द मी त्यांना दिला असता. पण एका आईला आपल्या मुलीला काय विचारायचं होतं, हे मला कुठून माहीत असणार?

“राहू दे,” त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांना चांगला येतो.

पाऊस थोडा उतरला. त्यांनी तिला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि दोघी काही न बोलता गेल्या.